काय केलं ते सांगा

रूपालीला घरी बोलावलं की ती दारात चपला काढते, पिशवीतून पळसाच्या पानांचे पाच द्रोण काढून फरशीवर ओळीने मांडते आणि मगच विचारते, "बाई, काय झालं ते नका सांगू मले. काय केलं ते सांगा."

द्रोण स्क्रूंसाठी असतात. तिची आई माणिकबाई अमरावतीला गांधी चौकाजवळ फुलं विकते, तिच्याकडचे हे द्रोण. मोठे स्क्रू एकात, बारके दुसऱ्यात, पंख्याचे तिसऱ्यात. इतर दुरुस्तीवाले स्क्रू चटईवर टाकतात आणि शेवटी दोन उरले तर गुपचूप खिशात घालतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून मला रूपालीच लागते.

आणि तो प्रश्न. कॉम्प्युटर बंद पडलेल्या माणसाला 'काय झालं' विचारलं की तो कीर्तनाला उभा राहतो. "मी काहीच केलं नाही हो, आपोआपच झालं." आपोआप काही होत नाही, असं रूपालीचं म्हणणं. कोणीतरी काहीतरी दाबलेलं असतं, काढलेलं असतं, सांडलेलं असतं, आणि ते सोडून बाकी सगळं ती माणसं सांगत बसतात. एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. हे वाक्य खरं म्हणजे माझं असायला हवं होतं. पण गेल्या भादव्यात खरं सांगायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

रूपाली सातवीत माझ्या वर्गात होती. तिच्या वडिलांचा, गोवर्धनचा, बडनेरा रस्त्याला फुलांचा मळा होता. ही पोर पहाटे उठून दहा घरी फुलं पोचवायची आणि मग शाळेत यायची. हाताला कायम झेंडूचा वास. त्या दहा घरांत एक घर आमचं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची, टोपली खाली ठेवायची, आणि मी फुलांवर पाणी शिंपडून ती आत घ्यायचे. अकरा वाजता त्याच मुलीला मी फळ्यासमोर उभी करून सांगायचे, की सगळे पदार्थ अणूंचे बनलेले असतात आणि पाण्याचा रेणू कुठेही गेलात तरी सारखाच. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण तिच्याच नियमाने लिहायचं, तर काय केलं तेच लिहायला हवं.

दहावीनंतर ती अकोल्याला मामाकडे राहून आयटीआय शिकली. तिथल्याच एका दुरुस्तीच्या दुकानात आठ वर्षं होती. मालक तिला काउंटरवर बसवायचा आणि ती जेवणाच्या सुटीत मागे जाऊन मशीन उघडायची. मग अमरावतीला परत येऊन राजापेठेत तिने स्वतःचं दुकान टाकलं. लोक आत डोकावून विचारायचे, "मिस्तरी कुठी गेला?" ती म्हणायची, "गेला नाई, मीच हाये. बोला." दोन वर्षं असं चाललं. आता लोक विचारत नाहीत, सरळ मशीन आणून टेबलावर ठेवतात.

आता आमच्या घराकडे येते. माझे यजमान चिंतामण गुरुजी, वय चौऱ्याहत्तर. साईनगरात आमचं साधं तीन खोल्यांचं घर आहे. हे पौरोहित्य करतात, आणि त्यांचा सगळ्यात धावपळीचा काळ म्हणजे पितृपक्ष. पंधरा दिवस श्वास घ्यायला फुरसत नसते. श्राद्धात नुसतं 'आमच्या वडिलांना' म्हणून भागत नाही. वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी, सगळ्यांची नावं गोत्रासह घ्यायची असतात. पणजोबांचं नाव आजकाल कोणाला येतं? लोक हात जोडून मोकळे होतात: "गुरुजी, तुमच्याकडे असेलच." आणि असायचं. तीनशेच्या वर घरांची नावं ह्यांच्या वडिलांपासून एका वहीत होती. सहा वर्षांपूर्वी ह्यांनी एका हिवाळ्यात बसून, एका बोटाने, ती सगळी वही कॉम्प्युटरवर उतरवली. मग देवाधर्माची वही रद्दीत कशी द्यायची म्हणून ऋणमोचनला जाऊन पूर्णा नदीत सोडली. पुण्याहून सौमित्र, आमचा मुलगा, फोनवर ओरडून सांगायचा की यादीची एक प्रत वेगळी ठेवा. हे "हो हो" म्हणायचे. 'हो हो' म्हणजे नाही, हे लग्न झालेल्या बाईला सांगावं लागत नाही.

वही होती तेव्हा ती उघडावी लागत नसे. सगळं तोंडपाठ होतं. दोन वर्षांपासून मात्र नावं निसटू लागली.

आधी मीही लक्ष दिलं नाही. मग परवाच्या वर्षी पितृपक्षात पुण्याच्या एका यजमानांचं श्राद्ध हे घरूनच, कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावून, सांगत होते. मी स्वयंपाकघरात वड्यांचं पीठ मळत होते. नावं घेता घेता हे थांबले. मग पुढे बोलू लागले, आणि मी पिठातला हात तसाच धरून उभी राहिले. ती नावं दर्यापूरच्या दुसऱ्याच कुटुंबाची होती. यजमानांना पत्ताच नव्हता. त्यांनी भक्तिभावाने पाणी सोडलं. ह्यांना ते संध्याकाळी लक्षात आलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. भिंतीकडे पाहत मला म्हणाले, "कोनाचं पानी कोनाले गेलं असंल?"

डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले की जेवढं करत आहेत तेवढं करू द्या. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही, सौमित्रलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात एकदा कळलं की गुरुजी नावं विसरतात, तर पुढच्या वर्षी फोन यायचेच बंद झाले असते. आणि फोन बंद झाले असते, तर ह्यांचं काय झालं असतं, ते मला दिसत होतं.

तेव्हापासून हे श्राद्ध सांगायला बसले की यादी समोर उघडी ठेवायची असं ठरलं. घरी कॉम्प्युटर, आणि यजमानांकडे जायचं तेव्हा त्या दिवसाचे छापून घेतलेले कागद, काम झालं की तेही पाण्यात सोडायचे. पण घरी सोवळ्याचा प्रश्न आला. हे पाटावर सोवळ्यात बसणार, आणि कॉम्प्युटरचा डबा शेजारी फरशीवर. धोतराचा सोगा लागणार, कोपर लागणार. डब्याला तर साऱ्या जगाचा हात लागलेला. यावर मी उपाय काढला. लोकर सोवळ्याला चालते. ह्यांची एक जुनी जाड धाबळी होती, ती कापून मी डब्याला गवसणी शिवली. तबल्याला असते तशी, चारी बाजूंनी घट्ट, मागे फक्त वायरींपुरती भोकं. माउसला रेशमी खणाचं टोपडंही शिवलं. काय सुबक बसली होती गवसणी! शेजारच्या बाईंना मी मुद्दाम बोलावून दाखवली.

तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं.

गेल्या भादव्यात पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक सूचना यायला लागली, की ही ऑपरेटिंग सिस्टीम आता जुनी झाली, नवी घ्या. सौमित्र म्हणाला, "करून टाका अपग्रेड, एका क्लिकचं काम आहे." दूर राहणाऱ्या मुलांची सगळी कामं एका क्लिकची असतात. ह्यांनी पंचांग पाहून चांगली वेळ काढली आणि बटण दाबलं. आकडे चढत गेले, आणि चौसष्ट टक्क्यांवर कॉम्प्युटर फट्कन बंद पडला. पुन्हा सुरू केल्यावर बराच वेळ 'बदल मागे घेत आहोत' असं काहीतरी दाखवून जुनाच्या जुना परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी रूपालीला फोन केला. पितृपक्ष सुरू व्हायला आठ दिवस होते.

ती यायच्या आधी मी काय केलं? गवसणी काढली, घडी घातली आणि देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवली.

रूपालीने द्रोण मांडले आणि तिचा प्रश्न विचारला. मी सांगितलं, बटण दाबलं, चौसष्ट झाले, बंद पडलं. "आन त्याच्या आंधी? त्याच्या नंतर?" काही नाही, म्हटलं. तिने प्रिंटरची वायर काढली, डिस्कवरचा कचरा साफ केला, एक जुना अँटिव्हायरस काढून टाकला. अपग्रेड सुरू करून दिलं आणि म्हणाली, "दोन-अडीच घंटे लागतीन. याले हात नका लावू." ती गेली. बारा वाजता ह्यांची पूजा. मी गवसणी चढवली. हात कुठे लावला, नुसती गवसणी चढवली! चौसष्टला बंद.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. म्हणाली, "दुकानात नेतो मी याले. माह्या नजरेसमोर ठेवतो." हे पाटावरून उठले आणि डब्यासमोर उभे राहिले. "पितरायची नावं घराबाहेर जानार नाईत." त्यांचा आवाज असा लागला की रूपालीने पुढे केलेला हात मागे घेतला. मग तिने तिथेच बसून वीजपुरवठ्याचा आतला डबा बदलला, भिंतीतला प्लग तपासला, तासभर बसून राहिली. चाळीस टक्के झाले. तिला अकोल्याची गाडी गाठायची होती, ती निघाली. ह्यांची संध्येची वेळ झाली. मी गवसणी चढवली.

या वेळी मशीन बंद पडलं ते परत आलंच नाही. काळ्या पडद्यावर पांढरं चक्र फिरत राहिलं. हे समोर पाटावर बसून त्या चक्राकडे पाहत राहिले. तासाभराने मला म्हणाले, "घुगेंच्या आजोबायचं नाव काय होतं, तुले आठवते का?" मला आठवत नव्हतं. त्यांनी आणखी दोन घरांची नावं विचारली. मग विचारायचे थांबले.

पितृपक्षाला तीन दिवस राहिले होते. पहिल्याच दिवशी चार श्राद्धं सांगायची होती. खरं सांगते, मला भीती वाटली ती यादीची नाही, ह्यांची. यादी गेली असती तर हा माणूस पहिल्या श्राद्धाला तोंड उघडून बसला असता आणि आतून काहीच निघालं नसतं, आणि ते त्यांना स्वतःला कळलं असतं.

तिसऱ्या वेळी रूपाली सकाळीच आली. हे अंबादेवीच्या देवळात जाऊन बसले होते. तिने नेहमीसारखे द्रोण मांडले, डब्याची बाजू उघडली, पंख्यापाशी टॉर्च धरला. मग चिमट्याने जाळीतून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तपकिरी लोकरीचा एवढासा गोळा.

"बाई, हे धुळीतलं नाई. ही लोकर हाये. कुठून आली?"

मी तो गोळा मुठीत मिटला.

"काय केलं ते सांगा ना. मी तिसऱ्यांदा येऊन राहिली. मशीन माह्यासमोर चालते आन मी गेली का मरते. मी गेल्यावर तुमी काई तरी करता."

मी देवघरातून गवसणी आणून तिच्यापुढे ठेवली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली. शिवण पाहिली, मागची भोकं पाहिली. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "रोज यादी पाहाले याले काई कष्ट नाईत, म्हनून चालून राहिलं होतं. अपग्रेड म्हंजे दोन घंटे पयतच राहा लागते याले. आतमंदी तापते आन जीव वाचवाले आपला आपन बंद होते. भादव्याच्या उन्हात तुमी धाबळी पांघरून पळून पाहा बरं." आणि अगदी शाळेतल्या सुरात, "लोकर उष्णतेची दुर्वाहक असते. सातवीत तुमीच शिकवलं, बाई."

काखेत कळसा अन् गावाला वळसा. मला हसूही आलं आणि कानशिलं तापली. पण तिने पुढचा प्रश्न विचारला, तो मी टाळू पाहत होते.

"मंग मी यायच्या आंधी काहून काढून ठेवत होत्या?"

विज्ञानाची बाई असून सोवळं पाळते याची लाज वाटत होती, असं सांगता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. "तुझा हात लागला असता तर ती पुन्हा सोवळ्याची राहिली नसती, म्हणून."

रूपालीने पंख्याचा शेवटचा स्क्रू काढून तिसऱ्या द्रोणात टाकला. "मले मालूम हाये," ती म्हणाली. "फुलायवर पानी मारत होत्या तवाच मालूम झालं होतं. मशीनले मालूम नव्हतं." तिच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती, आणि मी मागितलीही नव्हती. मग मी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आंधी गुरुजींची यादी पाहू."

तिने डिस्क बाहेर काढून एका वायरीने स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. डिस्क घरातच होती, ह्यांचा शब्द मोडला नव्हता. बराच वेळ काहीच दिसेना. मी देव आठवले, सगळे. मग एकेक फोल्डर दिसू लागला. यादीची फाइल सापडली, तिने ती आधी एका नव्या पेनड्राइव्हवर उतरवली आणि म्हणाली, "उतरली, पन उघडून पाहा लागते. कव्हा कव्हा नाव ऱ्हायते आन आतलं जाते." तिने फाइल उघडली.

पडद्यावर तक्ता आला. रूपाली दोन क्षण त्याच्याकडे पाहत राहिली. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि उठली. "फाइल चांगली हाये. तुमी पाहा. मी पानी पिऊन येतो."

पहिली ओळ आमच्याच घराची होती. गोत्र, वडील, आजोबा, पणजोबा. त्यात नवल नव्हतं. त्याखाली वेगळ्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पत्नी चारुशीला. मुलगा सौमित्र, पुण्याला असतो. आणि उजवीकडच्या रकान्यात, जिथे तीनशे घरांतल्या गेलेल्यांच्या तिथ्या होत्या, तिथे माझ्या नावापुढे: 'हयात. रोज नाव घेऊन हाक मारावी, म्हणजे विसरणार नाही.'

आधी मला संताप आला. जिवंतपणी मला मेलेल्यांत नेऊन बसवलं! मग दुसऱ्यांदा वाचलं.

शेहेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. 'अगं', 'ऐकून राहिली का', फार तर 'सौमित्रची आई'. त्या भादव्याच्या आदल्या दिवाळीपासून मात्र एकाएकी नावाने हाका मारायला लागले. सकाळी चहाला, दुपारी, संध्याकाळी दिवा लावताना. मी बाहेरून वैतागल्यासारखं करायचे. म्हातारपणी हे काय चळ, म्हणायचे. आणि आत एवढी खूश असायचे की पोळीवर तूप जास्त पडायचं. मला वाटलं होतं, उशिरा का होईना, या माणसाला माया दाखवायला सुचलं. तो तर रोजचा पाठ करत होता. देवाला आणि पितरांना सोडून त्याने ज्या नावाची घोकंपट्टी लावली होती, ते माझं नाव होतं.

रूपाली पाणी पिऊन आली तेव्हा मी डोळे पुसून बसले होते. तिने माझ्यासमोर आपल्या लॅपटॉपवर शोधून दाखवलं की यादी तिथे कुठे उरलेली नाही, फक्त पेनड्राइव्हवर आहे. पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "मी काईच वाचलं नाई, बाई," ती म्हणाली. काय केलं ते सांगा म्हणून उभ्या गावाच्या मागे लागणारी ही बाई माझ्यासमोर बसून सरळ खोटं बोलली, आणि मी ते ठेवून घेतलं.

मग तिने डिस्क परत बसवली, पंखा धुऊन पुसून लावला, आपल्या दुसऱ्या पेनड्राइव्हने मशीन उठवून त्याची मोडलेली घडी बसवली आणि डब्याची बाजू सताड उघडी ठेवून अपग्रेड पुन्हा सुरू केलं. या वेळी ती हलली नाही. मी तिच्यासाठी पोहे केले, ते तिने डब्याशेजारी बसूनच खाल्ले. मधल्या वेळात आम्ही भिंतीला एक भोक पाडायचं ठरवलं. डबा पलीकडच्या खोलीत उघडा राहील, वायरी भिंतीतून येतील, पाटाजवळ फक्त पडदा. "हे पयलेच सांगतलं असतं त पयल्या दिवशीच झालं असतं," ती म्हणाली. मी मान खाली घातली. चौसष्ट आले. पासष्ट आले. रूपालीने पंख्याजवळ हात नेऊन गार हवा येते का ते पाहिलं आणि उरलेले पोहे संपवले.

शंभर झाले तेव्हा साडेबारा वाजले होते. नवा निळा पडदा उघडला आणि त्याच सुमारास हे अंबादेवीहून परतले. पाय धुवायचेही विसरून सरळ पाटाशी आले. रूपालीने यादी उघडून दिली आणि बाजूला सरकली. हे वाकून पाहू लागले. पडद्यावर बोट ठेवून पहिली ओळ वाचली, ओठ हलताना दिसत होते. त्याखालची ओळ वाचली. बोट उजवीकडच्या रकान्यापर्यंत नेलं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हातभर अंतरावर उभी होते. हे पाहत राहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. खात्री करून घेत होते.

"चारुशीला," ते म्हणाले.

रूपाली द्रोणातले स्क्रू मोजू लागली.

"ओ," मी म्हटलं. हातभर अंतरावरून कोणी एवढ्या मोठ्याने 'ओ' देत नाही. मी दिली, आणि आता दिवसातून ते जितक्यांदा हाक मारतात तितक्यांदा, हातातलं काम टाकून, देते.